गोठ्याची भिंत आणि आप्पांचा मोतीबिंदू

आप्पांच्या घरी कुणीही गेलं की आधी त्याची खुर्ची फिरवली जायची. माणूस बसलेला असतानाच. आप्पा मागून यायचे, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावायचे, “पाय उचला जरा” म्हणायचे आणि खुर्ची खिडकीकडे वळवायचे. डावीकडून उजेड तोंडावर आला की समोर बसून म्हणायचे, “हां, आता बोला.” सोयरीक घेऊन आलेले पाव्हणे असोत, वर्गणीवाले असोत की मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना एकच नियम. मी भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझी चौकशी करायला पोलीस ठाण्यातून एक हवालदार आले होते. त्यांचीही खुर्ची फिरली. ते दचकून उठायला लागले, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, “बसा साहेब. फोटो काढत न्हाईत ते. सवय हाय निस्ती.”

सवय चाळीस वर्षांची होती. बीडमध्ये आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, मागे घर आणि वरच्या मजल्यावर डार्करूम. मोबाईल आले आणि स्टुडिओ बंद पडला. डार्करूम रिकामी होती, ती मी घेतली.

आप्पांबद्दल लिहायचं तर आधी मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. ती शेवटी सांगितली तर मी पुन्हा लपवाछपवी केल्यासारखं होईल. आप्पांच्या डोळ्यांना जे दिसलं ते मी माझं म्हणून सांगितलं, आणि त्यावर माझी नोकरी टिकली. एकदा नाही, चार महिने मी हे करत होतो.

माझं काम व्हिडिओ गेममधल्या भिंती, दगड, रस्ते करण्याचं. वीस वर्षं मी पुण्याच्या एका कंपनीत तेच केलं. आई आजारी पडली म्हणून बीडहून काम करायची परवानगी मिळाली. आईच्या दोन खोल्यांत माझी यंत्रं मावेनात, आणि मला पडद्यावरचे रंग नीट दिसायला अंधारी जागा हवी होती. डार्करूमपेक्षा अंधारी जागा कुठे मिळणार?

आमच्या धंद्यात पूर्वी दगड फसवून करावा लागे. गेममधली प्रत्येक वस्तू बारीक त्रिकोणांची बनलेली असते आणि यंत्राला फार त्रिकोण पेलत नसत. म्हणून मोजक्या त्रिकोणांचा एक ओबडधोबड गोळा करायचा आणि त्यावर भेगा, खड्डे, शेवाळ रंगवायचं. थोडक्यात पुष्कळ दाखवायचं. त्यात मी हुशार होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मग नवं तंत्र आलं. खऱ्या दगडाचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढायचे, यंत्र त्यावरून दगड उभा करतं, कणासकट. त्रिकोण कितीही होऊ द्या. उजेड एका भिंतीवर पडून समोरच्या भिंतीवर कसा फाकतो, तेही यंत्रच बघतं. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा पडद्यावर एक कडा होता. मी जवळ गेलो, आणखी जवळ गेलो, दगडाला नाक लागेल इतका जवळ गेलो, तरी तो फुटला नाही की पुसट झाला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की भीतीचं, हे मला आजही सांगता येणार नाही. कारण आता भेगा रंगवणाऱ्या माणसाची गरज उरली नव्हती.

मी आप्पांना तो कडा दाखवला. ते रोज चारच्या चहाला वर यायचे. खिशात रिटचिंगचं, म्हणजे निगेटिव्हवरचे डाग काढायचं जुनं भिंग असायचं, ते भाजीवर, पेपरवर, औषधाच्या गोळीवर, कशावरही धरायचे. त्यांनी भिंग काढलं, पडद्याला लावलं, आणि म्हणाले, “इतकं बारीक कावून करायलेत बे?”

“खरं वाटावं म्हणून.”

“तू इथून आईकडं जातूस तवा रस्त्यावरचा एक एक खडा बघतूस का?”

“न्हाई.”

“मंग रस्ता खोटा वाटतू का तुला?”

मी कडा बंद केला. पण दुसऱ्या दिवशी चारला तेच आधी म्हणाले, “त्यो कडा लाव रं कालचा.” आप्पांचं असंच होतं. नावं ठेवायची आणि हावरटासारखं बघायचं. मी त्यांच्या हातात गेमचं कंट्रोलर दिलं. ते गेममधल्या एका गावात शिरले, एका भिंतीपाशी थांबले आणि तिथेच उभे राहिले. मागून शत्रू आले आणि त्यांनी आप्पांना मारून टाकलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा भिंत, पुन्हा मेले.

“कोण मारायलंय बे मला?” ते चिडून म्हणाले. “मी भिंत बघायलोय, मी ह्यांचं काय केलंय?”

शेवटी मी त्यांच्यासाठी शत्रू काढून टाकले. मग रिकाम्या गावातून ते एकटेच हिंडत राहिले. काकू चहाचे कप न्यायला आल्या की विचारायच्या, “झालं का गाव फिरून? भाजी तेवढी आणा म्हणलं तर ह्यांचे गुडघे दुखतेत.”

त्याच सुमारास पुण्याहून निरोप आला. एका परदेशी गेमसाठी आपल्याकडच्या गावातली दगडी भिंत हवी होती. आम्ही चौघे जण चार नमुने देणार होतो. ज्यांचा नमुना पसंत पडेल ते नव्या कामावर राहतील, बाकीच्यांचं ‘बघू’ असं साहेबांनी सांगितलं. त्या ‘बघू’चा अर्थ मला कळत होता. पंचेचाळिशीनंतर दुसरीकडे कोण घेणार होतं मला?

काकूंचं माहेर बीडजवळच्या पालीचं. तिथे त्यांच्या भावाचा जुना गोठा होता, काळ्या दगडांचा, मातीत रचलेला. त्याच्या एका भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या होत्या. प्रत्येक गोवरीवर पाच बोटं उमटलेली. मी कॅमेरा घेऊन गेलो, आप्पा छत्री घेऊन बरोबर आले. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन तापलं होतं. मी हरखून फोटो काढायला लागलो. आप्पा झाडाखाली बसून बघत होते.

“आत्ता कावून काढायलास?” ते म्हणाले.

“ऊन छान पडलंय आप्पा. बोटं बघा कशी उठून दिसायलीत.”

“ती सावली हाय. ती भिंतीला चिकटल.”

“सावली यंत्र काढून टाकतं.”

“टाकतं?”

“टाकतं.”

“मंग चांगलंय,” म्हणाले आणि छत्री डोळ्यांवर ओढून घेतली.

यंत्रानं सावली काढली, पण सगळी नाही. प्रत्येक गोवरीच्या खाली नखाएवढी काळी कड उरली. मला ती दिसली नाही. गोवरीतला कडबा दिसत होता, मातीतली बोटाएवढी मुंग्यांची वाट दिसत होती, आणि मी त्यावर खूष होतो. नमुन्यात संध्याकाळ दाखवायची होती. मी सूर्य भिंतीच्या डावीकडे, अगदी खाली नेऊन ठेवला, ऊन तांबूस केलं आणि आप्पांना बोलावलं. पाठवायच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट.

आप्पा मागेच उभे राहिले. या वेळी भिंगही काढलं नाही. डोळे किलकिले केले, मान थोडी तिरकी केली आणि म्हणाले, “तुझ्या ह्या गावात सूर्य दोन हायेत का बे?”

“म्हंजे?”

“एक हितून यायलाय,” त्यांनी डावीकडे बोट दाखवलं, “अन् एक वरून. दिवस मावळायलाय अन् गोवऱ्यांच्या खाली सकाळचे अकरा वाजलेत.”

त्यांनी सांगितल्यावर मला दिसलं. मग दुसरं काही दिसेचना. सबंध भिंत खोटी झाली. इतकी बारीक, इतकी हुबेहूब, आणि खोटी. मी डोक्याला हात लावून बसलो.

“रडतूस काय? ती भिंत पूर्वेकडची हाय,” आप्पा म्हणाले. “दुपारी चारला जा. सगळी सावलीत असती. सावलीत फोटो काढला की भिंतीला काई चिकटत न्हाई. मंग तुझा सूर्य कुठंबी ठेव.”

एक दिवस मुदत मागून घेतली, पालीला चारला गेलो, फोटो काढले, भिंत पुन्हा उभी केली.

मीटिंगमध्ये चारही भिंती दाखवल्या गेल्या. बाकीच्या तिन्हींत तीच चूक होती, दोन सूर्य. परदेशातल्या लोकांनी ती पकडली. माझ्या भिंतीत ती नव्हती. पडद्यावरून साहेबांनी विचारलं, “हे तुमच्या लक्षात कसं आलं?”

आप्पांचं नाव घ्यायला दोन सेकंद पुरले असते. मी म्हणालो, “दिसलं मला.” एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, “लहानपणापासून तशी नजर आहे माझी.”

त्या नजरेवर मला नवं काम मिळालं. आता भिंती करायच्या नव्हत्या, इतरांनी केलेल्या तपासायच्या होत्या. रोज कुणाची तरी गल्ली, कुणाचं तरी अंगण, कुणाचा तरी पूल माझ्याकडे यायचा. मला काही दिसायचं नाही. मी चारची वाट बघायचो. आप्पा आले की सहज दाखवल्यासारखं करायचो, “बघा आप्पा, आज हा पूल आलाय.” आप्पा डोळे किलकिले करायचे. “पुलाखालचं पाणी पुलापेक्षा उजळ कसं?” किंवा, “ह्या घराला पाया न्हाई, भुईच्या वर तरंगायलंय.” ते खाली गेले की मी ते लिहून पाठवायचो. माझ्या नावानं.

उन्हाळ्यात आप्पांनी एकदा मला विचारलं, “डॉक्टर म्हणतेत मोतीबिंदू पिकलाय, काढून घ्या. तुझं काय मत?” त्यांना कमी दिसतं हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. भिंगाचं खूळ आहे असं मी धरून चाललो होतो. मला सगळ्यात आधी काय सुचलं ते लिहितो. ऑपरेशननंतर काही आठवडे आप्पा पडदा बघू शकणार नाहीत, एवढंच सुचलं. मी म्हणालो, “घाई काय आहे आप्पा? ऊन कमी होऊ द्या.”

त्यांनी माझं ऐकलं. पंधरा दिवसांनी वर येताना त्यांना शेवटची पायरी दिसली नाही. मनगट मुरगळलं, कपाळाला खोक पडली. मी त्यांना दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून आणलं. रस्ताभर ते रिक्षावाल्याला सांगत होते, “लई चांगला भाडेकरू हाय आमचा. पोरासारखा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. आप्पांनी एका हातानं माझी खुर्ची फिरवली. खिडकीतला उजेड तोंडावर आला आणि मी सगळं सांगून टाकलं. मीटिंग, लहानपणापासूनची नजर, चार महिन्यांचे चहा, आणि ऑपरेशन का पुढे ढकलायला लावलं तेही.

आधी काकू बोलल्या. दारातच उभ्या होत्या. “म्हंजे मी रोज वर चहा पाठवायले ते तुमच्या नोकरीसाठी व्हय?”

“हो काकू.”

“अन् हे मला सांगायचे, वर लई काम असतं. आता ह्यांची पायरी चुकली, त्याचं काय?”

आप्पांनी चांगल्या हातानं त्यांना थांबवलं. मग म्हणाले, “मी चाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल घासली. लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण काढले, डाग काढले. एक माणूस आला का सांगायला, आप्पा, माझं तोंड तुमी बरं केलं? सगळे फोटो बघून म्हणायचे, हां, मी असाच हाय. तसं न्हाई म्हणले असते तर माझं काम वाईट झालं असतं. नावाचं काय घेऊन बसलास तू?”

“पण मी खोटं बोललो आप्पा.”

“ते बोललासच. त्याला मी काय करू? पर तू काय बोललास, की मला दिसलं. ते दिसायचं राहिलंय अजून.” मग पुढे झुकून ते हळू आवाजात म्हणाले, “एक सांगू? मला ती गोवरीच दिसत न्हवती. बोटं न्हाई, कडबा न्हाई. निस्तं उजळ अन् काळं. म्हणून सूर्य दिसले. तुमाला सगळं दिसायलंय, म्हणून तुमाला काई दिसत न्हाई. परवा माझं आपरेशन हाय, हिनं तारीख घेतली. त्याच्या नंतर मीबी तुमच्यातलाच.”

त्या दिवशी त्यांनी मला डोळे किलकिले करायला शिकवलं. पापण्या इतक्या मिटायच्या की वस्तू विरून जातात आणि उजेड-सावली तेवढी उरते. खुर्चीत बसवून खिडकी, देव्हारा, काकूंचा हंडा, सगळं तसं बघायला लावलं. “काय दिसतंय?” “काही नाही आप्पा.” “मंग बस अजून.”

मी पुण्याला साहेबांनाही लिहिलं की त्या भिंतीतली चूक माझ्या घरमालकांनी पकडली होती, आणि नंतरच्याही पुष्कळशा त्यांनीच. साहेबांचा फोन आला. ते हसत होते. “तुमचा हा नम्रपणा आवडला,” म्हणाले. मी परत परत सांगितलं. त्यांनी आप्पांना नमस्कार कळवला आणि दोन नवे नमुने पाठवून दिले. खरं उशिरा सांगितलं की त्याचं हे असं होतं, हे मी तेव्हा शिकलो.

ऑपरेशन झालं. काळा चष्मा निघाला त्या दिवशी आप्पा अंगणात उभे राहून आभाळाकडे बघत होते. “निळं कुणी केलं रं इतकं?” मग आत येऊन काकूंकडे बघून म्हणाले, “तू म्हातारी झालीस की गं!”

“आरसा तिकडं हाय,” काकू म्हणाल्या. “आधी तिकडं बघून या.”

आणि मग आप्पा बिघडले. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ज्या बारीकपणाला त्यांनी वर्षभर नावं ठेवली त्याचंच त्यांना वेड लागलं. चारला नाही, तीनलाच वर यायचे. पालीची भिंत लावायला सांगायचे आणि गोवरीजवळ जाऊन थांबायचे. “आरं, ह्या बोटाचं नख तुटलेलं हाय बघ! मेव्हण्याच्या बायकोचं आसंल. काय केलंय बे यंत्रानं, वा!” खिशातलं भिंगही पुन्हा निघालं. ते पडद्याला लावून एकदा किंचाळले, “ह्यो दगड न्हाईच! लाल-हिरवे-निळे ठिपके हायेत निस्ते!” सोमवारी दर्शनाला कपिलधारला गेले तर धबधबा सोडून खालच्या खडकांवरचं शेवाळ बघत बसले आणि परतीची गाडी चुकली. नमुन्यांतली चूक विचारली तर म्हणायचे, “चूक कसली? सगळं झ्याक हाय.”

मी एकटा पडलो. नमुने येत होते, आणि सांगणारं कुणी नव्हतं. रोज पडद्यासमोर पापण्या मिटत बसायचो. डोळे दुखायचे. दोन आठवडे मी सगळ्यांना ‘ठीक आहे’ असं लिहून पाठवलं, आणि प्रत्येक वेळी हे शेवटचं, आता आपण पकडले जाणार, असं वाटायचं.

मग एक गोठा आला. पुण्यातल्या एका मुलीनं माझ्याच भिंतीवरून पूर्ण गोठा उभा केला होता, आतली दावण, गव्हाण, कडबा, सगळं. दार पूर्वेला, वेळ संध्याकाळची. आप्पा शेजारी बसून कडब्यात हरवले होते. “काड काड येगळं केलंय पोरीनं! हे बघ, ह्याला कीड लागलीय!”

मी मागे सरकलो. पापण्या मिटत आणल्या. कडबा गेला, गव्हाण गेली, दगड गेले. काळं उरलं. आणि त्या काळ्यात, अगदी आतल्या कोपऱ्यात, मऊसा उजेड होता. तिथे खिडकी नव्हती, फट नव्हती. मी डोळे उघडले, पुन्हा मिटले. होता.

“आप्पा,” मी म्हणालो, “आतल्या कोपऱ्यात कुणी दिवा लावलाय का?”

“कुठंय दिवा?”

“दिवा नाहीच. पण उजेड आहे. बाहेरचं ऊन भिंतीतून आत झिरपतंय. जरा मागं या. डोळे किलकिले करा.”

आप्पा नाखुशीनं मागे आले. नव्या डोळ्यांना ते जमेना. दोनदा मिटले, उघडले, हातानं पापणी धरली. मग थांबले.

“हौ,” ते म्हणाले. “हाय.” थोड्या वेळानं म्हणाले, “मला न्हवतं दिसलं.”

मी आता पुण्याला परत आलोय. गेली कित्येक वर्षं लोक माझ्या नजरेचं कौतुक करतात आणि मी मान खाली घालतो. पण त्या दुपारपासून ते पूर्ण खोटं राहिलेलं नाही, आणि हे ज्या माणसाला मी फसवलं त्यानंच करून दिलं. त्या उपकाराला मी काय नाव देऊ?

त्या दिवशी मी कीबोर्ड पुढे ओढला आणि अडलो. इतक्या दिवसांची सवय होती, पहिला शब्द लिहिताना हात चोरासारखा व्हायचा.

“काय झालं?” आप्पांनी विचारलं.

“काय लिहू?”

“दिसलं ते लिही की.” ते पुन्हा पडद्याजवळ सरकले आणि भिंग डोळ्याला लावलं. “अन् तुझ्या नावानं लिही.”

मी लिहायला लागलो. आप्पा ते किडलेलं काड बघत होते.